रोज एक ओवी, भाकरी थापता थापता

श्रावणात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसायचं आणि एरवी पोथी फडक्यात बांधून देव्हाऱ्यावर ठेवायची, आमच्या बेळगावात शहापूरकडं बऱ्याच घरांत हेच, आमच्याकडं पण हेच होतं. मग मी एकदा जोरात ठरवलं, रोज अर्धा अध्याय, पोरांना घेऊन. तिसऱ्या दिवशी थोरलीला ट्यूशन, धाकटा झोपलेला आणि खरं सांगू तर मी पण मोबाईलच बघत होते.

तर आता जे जमलंय ते सांगते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या 9000च्या आसपास, रोज एक म्हटली तरी जवळजवळ 25 वर्षं लागतात, म्हणून संपवायचा नाद सोडा. सुरुवात शेवटाकडनं करा, म्हणजे पसायदान, अठराव्या अध्यायातल्या शेवटाकडच्या 9 ओव्या, त्या पोरांच्या कानावरनं गेलेल्या असतात. आठवड्याला एक धरली तर दोन महिन्यांत होतं.

वेगळा वेळ काढू नका, तो मिळत नाही. मी सकाळी भाकरी थापताना म्हणते, एक चरण मी, एक पोरं. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून कागद चिकटवलाय, कारण पोरं इंग्लिश मिडियमची, पोथीतलं बारीक वाचताना अडखळतात.

आणि अर्थ लगेच सांगू नका!! आधी विचारा तुला काय वाटतंय. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ म्हटल्यावर धाकटा म्हणतो, व्यंकटी म्हणजे व्यंकटेशकाका काय? हसून हसून तव्यावरची भाकरी करपली. मग सांगितलं, व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, तो गळून जावो. थोरली जरा थांबून म्हणाली, म्हणजे वाईट माणसं मरू देत असं मागितलंच नाही की. मी लहानपणापासून म्हणतेय, माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

शनिवारी उलटं करा, पोरांनी शिकवायचं, तुम्ही मुद्दाम चुकायचं. आमच्या सासूबाई खानापूरकडच्या, माळकरी, त्यांना सगळं पाठ, तरी फोनवर ‘व्हय काय, परत सांग बघू’ करत नातवाकडनं तीनदा म्हणवून घेतात.

शेजारी कन्नड बोलणारे असले तर त्यांची पोरं पण बसवा. आमच्या शेजारची मुलगी बसवण्णांचं वचन म्हणते, ‘कळबेड कोलबेड’, चोरू नको, मारू नको, धाकटा ते तिच्याकडनंच शिकला, उच्चार माझ्यापेक्षा बरा आहे. ज्ञानोबांनी विठ्ठलालाच कानडा म्हटलंय, तिथं आपलं काय.

अडलं तर सार्थ ज्ञानेश्वरी बघा, नाहीच कळलं तर एकादशीच्या भजनाला येणाऱ्या एखाद्या बुवांना चहाला बोलवा, फक्त मग तासभर सोडत नाहीत. परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी द्या, ओरडून पाठ करून घेतलेलं टिकत नाही.

आम्ही आता पाचव्या ओवीवर आहोत, ‘चला कल्पतरूंचे आरव’. आरव म्हणजे बाग सांगितलं तर धाकटा विचारतोय चालणारी बाग कशी असते, तीन दिवस झाले, घरात तेच चाललंय.