गळाला लागलेला सॅल्मन नेमका कोणता? आधी तोंड बघा, मग शेपटी

सिएटलकडची आपली बरीच मंडळी आता उन्हाळ्यात प्यूजेट साउंडवर, म्हणजे तिथल्या समुद्राच्या खाडीवर, मासे पकडायला जायला लागलीयेत, त्यांच्यासाठी हे. तिथे पाच जातींचे सॅल्मन मिळतात, चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. एकाच दिवशी एकाच पाण्यात कोहो ठेवता येतो पण चिनूक सोडावा लागतो असं बऱ्याचदा असतं, त्यामुळे मासा ओळखता येणं लायसन्सइतकंच गरजेचं आहे.

पहिली गोष्ट, रंगावर जाऊ नका. लाल अंग आणि हिरवं डोकं असलेला जो फोटो सगळीकडे दिसतो तो अंडी घालायला नदीत चढलेला सॉकाय असतो, समुद्रात पाचही जाती चंदेरीच दिसतात. साइजवरही जाऊ नका, लहान चिनूक आणि मोठा कोहो अगदी सारखे दिसू शकतात.

मग काय बघायचं? तोंड उघडून खालच्या जबड्यातले दात जिथून बाहेर येतात ती हिरडी बघा. चिनूकची हिरडी काळी असते, म्हणून तर तिकडे हिवाळ्यात मिळणाऱ्या चिनूकला ब्लॅकमाउथच म्हणतात. कोहोचं तोंड आतून काळपट दिसलं तरी दातांच्या मुळाशी हिरडी पांढरी असते, आणि नवीन माणसं फसतात ती इथेच, काळपट जीभ बघून चिनूक समजतात. नजर दातांच्या ओळीवरच ठेवा.

आता शेपटी. चिनूकला वरच्या आणि खालच्या दोन्ही पात्यांवर ठिपके, कोहोला फक्त वरच्या पातीवर. पिंकलाही दोन्हीकडे असतात पण ते मोठे, लांबट गोल, शिवाय खवले एकदम बारीक आणि शेपटीत चंदेरी चमक नाही. पिंकचं आयुष्य दोनच वर्षांचं असतं आणि प्यूजेट साउंडमध्ये तो मुख्यतः विषम वर्षी येतो, म्हणजे 2025, 2027 असा, त्यामुळे त्या सीझनला जास्त लक्ष द्या.

शेपटीवर ठिपकेच नसतील तर सॉकाय किंवा चम. चमच्या शेपटीत चंदेरी रेघा असतात आणि शेपटीच्या आधीचा भाग बारीक असतो, सॉकायच्या शेपटीत चंदेरी काही नसतं. तरी कळेना तर कल्ल्याच्या आतले दाते बघा, सॉकायचे लांब, बारीक आणि कंगव्यासारखे दाट असतात, चमचे आखूड आणि विरळ. पण हे मासा ठेवायची परवानगी असेल तरच, सोडायच्या माशाच्या कल्ल्यांना अजिबात हात लावायचा नाही.

हिरडी पांढरी पण ठिपके पूर्ण शेपटीभर असतील तर तो बहुतेक स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन येणारा ट्राउट, त्याचे नियम परत वेगळे. पोटाखाली मागच्या बाजूला जो पर असतो त्यातले काटे मोजा, स्टीलहेडला 8 ते 12, सॅल्मनला 13 किंवा जास्त.

जात कळली की पाठीवर शेपटीच्या जरा आधीचा छोटा मऊ पर बघा, अ‍ॅडिपोज फिन. हॅचरीतल्या, म्हणजे माशांची पिल्लं वाढवून सोडणाऱ्या केंद्रातल्या, बहुतेक चिनूक आणि कोहोंचा तो लहानपणीच कापतात आणि तिथे भरलेली जखम दिसते, पर शाबूत असेल तर मासा जंगली धरायचा आणि बऱ्याच ठिकाणी तो सोडावाच लागतो. हे सगळं मासा पाण्यात असतानाच बघा, फार तर रबरी जाळ्यात ठेवून, कारण वॉशिंग्टनमध्ये जो सॅल्मन ठेवायची परवानगी नाही तो बोटीत उचलून घेणं हाच बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे, आणि कोरड्या हातांनी धरला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग सोडूनही तो जगेल याची खात्री नसते. निघायच्या आधी त्या भागाचे त्या दिवशीचे नियम राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर चेक करा, सीझनच्या मध्येही बदलतात.

नजर बसवायची असेल तर सिएटलच्या बॅलर्ड लॉक्सला, म्हणजे बोटींसाठी पाण्याची पातळी बदलणाऱ्या दरवाज्यांपाशी जा, तिथे काचेतून फिश लॅडर (माशांना वर चढायला केलेल्या पाण्याच्या पायऱ्या) चढणारे मासे अगदी जवळून दिसतात, साधारण जुलैत सॉकाय, ऑगस्टमध्ये चिनूक, सप्टेंबरमध्ये कोहो. काचेला लागून थांबा आणि शेपटीवरचे ठिपके बघत रहा.