प्रवासात हलकी टेलिफोटो झूम: आधी शटर, मग बाकी सगळं

टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स, म्हटलं की आधी वजन डोळ्यांसमोर येतं. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या साध्या झूम मात्र खरोखर हलक्या असतात. कॅननची ५५-२५० मिमी एसटीएम ३७५ ग्रॅमची आहे. मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरच्या प्रकारातली ऑलिम्पसची ४०-१५० मिमी एफ/४-५.६ तर जेमतेम १९० ग्रॅमची. दिवसभर गळ्यात अडकवून हिंडलात तरी मान अवघडत नाही, आणि हवी त्या क्षणी लेन्स हाताशी असते.

या हलकेपणाची भरपाई प्रकाशात करावी लागते. पूर्ण झूमवर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र (एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं), एफ/५.६ किंवा एफ/६.३पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/२.८ची जाडजूड लेन्स एफ/५.६च्या चौपट प्रकाश आत घेते. त्यामुळे ढगाळ दुपारी किंवा गल्लीच्या सावलीत कॅमेरा गुपचूप शटर स्पीड खाली आणतो, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि फोटो हलतो. मग खापर फुटतं स्वस्त काचेवर. बहुतेक वेळा काच निर्दोष असते.

म्हणून शटर स्पीड स्वतःच्या ताब्यात घ्या. फोकल लेंग्थला (लेन्सचा मिमीमधला आकडा) क्रॉप फॅक्टरने (सेन्सर किती लहान आहे ते सांगणारा आकडा) गुणा. कॅननच्या क्रॉप सेन्सरवर २५० गुणिले १.६ म्हणजे ४००, तेव्हा हातात धरून किमान १/४०० सेकंद ठेवा. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर स्थिर विषयासाठी १/१००पर्यंतही निभावतं. पण स्टॅबिलायझेशन फक्त तुमच्या हाताचं हलणं सावरतं, समोरच्याचं नाही. चालणाऱ्या माणसाला १/२५० ते १/५००, धावणाऱ्याला १/१०००, उडत्या पक्ष्याला १/१६०० किंवा त्याहून वेगवान शटर लागतं.

सर्वांत सोयीची मांडणी अशी: मॅन्युअल मोड, शटर १/५००, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर आणि त्याची कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४००. आयएसओ वाढायला घाबरू नका. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला चेहरा पुन्हा रेखीव करता येत नाही.

धरण्याची पद्धत तितकीच महत्त्वाची. डावा तळवा लेन्सच्या खाली, बाजूला नाही, आणि दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. शटरचं बटण अर्धं दाबून थोडं थांबा. व्ह्यूफाइंडरमधलं तरंगणारं चित्र एकदम शांत होतं. स्टॅबिलायझेशनने पकड घेतल्याची ती खूण. अर्धा श्वास सोडून तीन-चार फोटोंचा बर्स्ट घ्या. पहिला फोटो बोट दाबण्याच्या झटक्याने बिघडू शकतो, पुढच्यांपैकी एखादा नेमका जमतो. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर स्टॅबिलायझेशन बंद करा, कारण काही लेन्स स्थिर असतानाही दुरुस्तीचा प्रयत्न करत राहतात आणि उलट फोटोच हलवतात.

या वर्गातल्या बऱ्याच लेन्स झूमच्या अगदी शेवटच्या टोकाला थोड्या मऊ, म्हणजे कमी रेखीव, होतात. ऊन भरपूर असेल तर एफ/८वर या, फरक स्पष्ट दिसतो. एफ/११च्या पुढे मात्र जाऊ नका, तिथून डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारकावे पुन्हा विरघळू लागतात. प्रकाश कमी असेल तेव्हा एफ/८चा हट्ट सोडा आणि झूम थोडी मागे घेऊन पाहा. २५०ऐवजी २००वर अनेकदा जास्त शार्प फोटो मिळतो.

भर दुपारी दूरच्या डोंगराचा फोटो पिठूळ आणि थरथरता आला, तर तो दोष फोकसचा नसतो. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा प्रकाश वाकवते आणि महागातली महाग लेन्सही तिथे हात टेकते. तेच दृश्य सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात टिपा. डोंगरांच्या एकामागे एक फिकट होत गेलेल्या रांगा तेव्हाच सुंदर दिसतात. त्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात त्या लेन्सच्या जादूने नव्हे, तर तुम्ही लांब उभे असता म्हणून. हे लक्षात आलं की झूम फिरवण्याआधी उभं राहायची जागा शोधाल: विषय आणि मागचं दृश्य जवळ आणायचं तर मागे सरका, मग झूम करा.

मागचं धूसर करायला एफ/५.६ पुरत नाही, हा समज चुकीचा आहे. २५० मिमीला एफ/५.६वर अ‍ॅपर्चरचा व्यास सुमारे ४५ मिमी असतो. ५० मिमी एफ/१.८ लेन्सचा सुमारे २८. चेहरा जवळ, भिंत किंवा झाडी दूर आणि झूम पूर्ण, एवढं साधलं की पार्श्वभूमी लोण्यासारखी होते.

गाडीच्या काचेतून टिपताना लेन्स काचेच्या जवळ न्या, पण टेकवू नका. टेकवली की गाडीची थरथर सरळ लेन्समध्ये उतरते. जवळ नेल्याने काचेवरची प्रतिबिंबं आणि धूळ दोन्ही नाहीशी होतात.

सांभाळण्याचंही थोडं. बऱ्याच स्वस्त लेन्सचा माउंट (कॅमेऱ्याला जोडणारा भाग) प्लॅस्टिकचा असतो, म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवताना लांब नळीवर भार येऊ देऊ नका आणि झूम पूर्ण आत घ्या. हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) कायम लावा. उन्हाची चमक अडवतो आणि आपटलंच तर आधी तोच मार खातो. पुढे-मागे सरकणारी झूम हवा आत-बाहेर ओढते, तिच्याबरोबर धूळही येते, त्यामुळे वाळू उडत असताना झूम उगाच फिरवू नका. एसी खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या. काचेवर दव बसलंच तर पुसत बसू नका, ते आपोआप उडेपर्यंत थांबा.