दिवाळी अंकाच्या किती प्रती मागवायच्या, आणि परतीचा भाव किती ठेवायचा

दिवाळी अंक हा नाशवंत माल आहे. लक्ष्मीपूजनाआधीचे दोन-तीन आठवडे आणि नंतरचा जेमतेम महिना, एवढाच त्याचा हंगाम. तो उलटला की उरलेली प्रत वाचनालयाला पडत्या भावात जाते, नाहीतर रद्दीत. म्हणून विक्रेता हात आखडून मागणी नोंदवतो, आणि ऐन दिवाळीत गिऱ्हाईक 'संपला' हे ऐकून परत जातं. १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, पण न खपलेल्या प्रती प्रकाशकाने परत घेण्याच्या अटी आजही बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवल्या जातात. त्या हिशेबाने ठरवता येतात. त्यासाठी एक स्प्रेडशीट, मागच्या काही वर्षांच्या नोंदी आणि प्रकाशक-विक्रेत्यांनी समोरासमोर बसून घालवलेली एक दुपार पुरते.

पुढचे आकडे उदाहरणाचे आहेत, त्यांच्या जागी आपले घाला. छापील किंमत ४०० रुपये. विक्रेत्याला २५ टक्के कमिशन, म्हणजे प्रत त्याला ३०० रुपयांना पडते. प्रकाशकाला एक जादा प्रत छापायला १२० रुपये लागतात. हंगाम संपल्यावर उरलेल्या प्रतीचे ४० रुपये येतात.

१२० रुपयांच्या आकड्यावर थोडं थांबायला हवं, कारण पहिली चूक इथेच होते. यात फक्त कागद, छपाई, बांधणी आणि वाहतूक धरा. लेखकांचं मानधन, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, प्लेटा हा खर्च एक प्रत जास्त छापली म्हणून वाढत नाही, जाहिरातींचं उत्पन्नही वाढत नाही. अंक काढायचा की नाही, हे ठरवताना तो सगळा खर्च मोजायचाच. किती प्रती छापायच्या, हे ठरवताना तो बाजूला ठेवायचा. एकूण खर्चाला प्रतींनी भागून '२२० रुपयांना प्रत पडते' असा आकडा धरला, तर पुढचं सगळं गणित कमी छपाईकडे झुकतं.

खपाची नोंद

मागच्या पाच-सहा वर्षांची विक्री काढा. वर्षांची तुलना तारखांनी करू नका. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. 'लक्ष्मीपूजनाआधी इतके दिवस' असा स्तंभ ठेवा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. विक्री म्हणजे मागणी नव्हे. ८० प्रती आणल्या आणि ८० संपल्या, तर मागणी निदान ८० होती एवढंच कळतं. अशा वर्षी शेवटची प्रत कोणत्या दिवशी गेली ते शोधा. समजा, लक्ष्मीपूजनाला सहा दिवस असताना साठा संपला. आता त्याच दुकानातले न संपलेले तशाच किमतीचे अंक बघा. त्या दिवसापर्यंत त्यांचा सरासरी ७० टक्के खप झाला असेल, तर खरी मागणी ८० भागिले ०.७०, म्हणजे ११४च्या आसपास. ही दुरुस्ती केली नाही तर दरवर्षी कमी मागवून दरवर्षी 'बरोबर तेवढाच खपतो' असं वाटत राहतं.

पाच-सहा वर्षांच्या आकड्यांवरून नेमकी शक्यता निघत नाही, तिथे विक्रेत्याचा अंदाज जोडावा लागतो. वीस-वीस प्रतींचे टप्पे पाडून त्याला विचारा, 'शंभर दिवाळ्या आल्या तर किती वेळा एवढाच खप होईल?' उदाहरणात असं धरू:

६० प्रती: १० टक्के
८० प्रती: २० टक्के
१०० प्रती: ३० टक्के
१२० प्रती: २० टक्के
१४० प्रती: १५ टक्के
१६० प्रती: ५ टक्के

शेजारी चढती बेरीज लिहा: १०, ३०, ६०, ८०, ९५, १००.

विक्रेत्याचा आकडा

परतीची सोय नाही असं आधी धरा. एक प्रत कमी पडली तर विक्रेत्याचे ४०० वजा ३००, म्हणजे १०० रुपये हुकतात. एक उरली तर ३०० वजा ४०, म्हणजे २६० रुपये बुडतात. कमी पडल्याच्या तोट्याला दोन्ही तोट्यांच्या बेरजेने भागून गुणोत्तर काढा: १०० भागिले ३६०, म्हणजे ०.२७८. चढती बेरीज जिथे पहिल्यांदा २७.८ टक्क्यांना गाठते किंवा ओलांडते, तेवढ्या प्रती मागवायच्या. इथे ८०. सरासरी मागणी १०५ असताना तो ८०च मागवतो आणि त्याच्या बाजूने ते अगदी बरोबर आहे. त्याला 'जोखीम घ्या' असा आग्रह करण्यात अर्थ नाही.

पडताळा घ्या. ८० प्रतींपैकी सरासरी ७८ विकल्या जातात, २ उरतात. विक्रेत्याचा अपेक्षित नफा ७,२८० रुपये, प्रकाशकाचा ८० गुणिले १८०, म्हणजे १४,४००. दोघांचा मिळून २१,६८०.

आता प्रकाशक आणि विक्रेता एकाच घरातले आहेत असं समजा. कमी पडल्याचा तोटा ४०० वजा १२०, म्हणजे २८०. उरल्याचा १२० वजा ४०, म्हणजे ८०. २८० भागिले ३६० म्हणजे ०.७७८, आणि उत्तर १२० प्रती. सरासरी १०० विकल्या जातात, २० उरतात, एकत्र नफा २६,४००. एका दुकानामागे ४,७२० रुपये कोणाच्याच खिशात जात नाहीत. कारण एकच: न खपलेल्या प्रतीचा सगळा भार जो उचलतो, त्याला खपलेल्या प्रतीवर फक्त १०० रुपये मिळतात.

(मघाशी म्हटलेला २२० रुपयांचा चुकीचा खर्च इथे घालून बघा. गुणोत्तर ०.५ येतं, उत्तर १०० प्रती आणि नफा २५,१२०वर घसरतो.)

करार ठरवताना

डाव असा आहे: प्रकाशक आधी अटी जाहीर करतो, विक्रेता त्या बघून आकडा लिहितो. म्हणून प्रकाशकाने शेवटाकडून सुरुवात करायची. प्रत्येक अटीला विक्रेत्याचं सर्वांत फायद्याचं उत्तर काय असेल ते काढायचं आणि मग अट निवडायची. 'चांगल्या अटी दिल्या तर ते जास्त घेतील' एवढ्यावर थांबलं की फसगत होते.

कमिशन वाढवलं तर? प्रत ३०० ऐवजी २९०ला दिली, तर गुणोत्तर ०.३०६ होतं आणि विक्रेता १०० मागवतो. विक्रेत्याला ८,१२०, प्रकाशकाला १७,०००. हे चांगलंच आहे, एवढं तरी लगेच करता येतं. पण १२०पर्यंत न्यायला प्रत १८४ रुपयांच्या खाली द्यावी लागेल. १८३ला दिली तर प्रकाशकाकडे ७,५६० उरतात. म्हणजे कमिशनचा रस्ता १००वर संपतो.

न खपलेली प्रत पूर्ण भावात परत घेतली तर? विक्रेत्याला उरल्याचा तोटाच राहत नाही, म्हणून त्याला थांबायचं कारणही राहत नाही. तो १६०च्याही वर, समजा २०० मागवेल. सरासरी १०५ खपतील, ९५ परत येतील. विक्रेत्याला १०,५००, प्रकाशकाला ११,३००. जुन्या कराराहूनही कमी. 'सगळं परत घेऊ' असं उदारपणे म्हणणाऱ्या प्रकाशकाचं गोदाम डिसेंबरात का भरतं, ते इथे दिसतं.

यांच्या मधे नेमकी जागा आहे. परतीचा भाव असा ठेवायचा की विक्रेत्याचं गुणोत्तर एकत्र गुणोत्तराएवढं होईल: (४०० − ३००) भागिले (४०० − परतीचा भाव) = ०.७७८. उत्तर येतं २७१ रुपये, सोयीसाठी २७० घ्या. विक्रेता स्वतःहून १२० मागवतो. त्याला ९,४००, प्रकाशकाला १७,०००, बेरीज पूर्ण २६,४००.

प्रकाशक म्हणेल, २९०च्या भावातही मला १७,०००च मिळत होते. बरोबर आहे. मग कमिशन आणि परतीचा भाव दोन्ही एकत्र हलवा. प्रत ३१०ला द्या आणि २८४ला परत घ्या. विक्रेता तरीही १२०च मागवतो, त्याला ८,४८० आणि प्रकाशकाला १७,९२०. अशा कितीही जोड्या निघतात. प्रतींचा आकडा तोच राहतो, फक्त नफ्याची वाटणी बदलते. घासाघीस या जोड्यांमध्येच करावी. एकट्या कमिशनवर किंवा एकट्या परतीच्या भावावर केली की १२०चा आकडा हातचा जातो.

या रीतीचा मोठा फायदा असा की सूत्रात शक्यतांचा तक्ता कुठेच येत नाही. किंमत, खर्च आणि उरलेल्या प्रतीचं मोल सारखं असेल तर दादरच्या मोठ्या दुकानाला आणि तालुक्याच्या गावातल्या स्टॉलला एकच करार चालतो, प्रतींचा आकडा ज्याने त्याने आपल्या मागणीवरून काढायचा. हा निष्कर्ष १९८५ साली व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पॅस्टरनॅक यांनी मांडला.

'मागवलेल्या प्रतींच्या अमुक टक्क्यांपर्यंत पूर्ण भावात परत' ही पद्धत सोपी वाटते, पण तिला हा गुण नाही. आपल्या उदाहरणात ३०० रुपयांच्या भावाला २० टक्क्यांची मर्यादा ठेवली आणि वीस-वीसच्या टप्प्यांतच मागवायचं धरलं, तर विक्रेता १००वर थांबतो, २५ टक्क्यांनाही १००वरच, ३० टक्क्यांना १२०वर जातो. दुसऱ्या दुकानाचा तक्ता वेगळा, म्हणून त्याची योग्य मर्यादाही वेगळी. टक्केवारीच ठेवायची असेल तर प्रत्येक दुकानासाठी स्प्रेडशीटमध्ये तपासून ठेवा: खपाच्या प्रत्येक टप्प्यासाठी विक्री म्हणजे खप आणि साठा यांतला लहान आकडा, उरलेल्यांपैकी मर्यादेतल्या पूर्ण भावाने, बाकीच्या ४० रुपयांनी, आणि सगळ्याला शक्यतेने गुणून बेरीज.

कुठे बिघडतं

परतीचं भाडं. २७० रुपयांतून भाडं विक्रेत्याने भरायचं असेल तर त्याच्या हातात पडणारा भाव मोजा. १५ रुपये गेले तर २५५ उरतात, गुणोत्तर ०.६९, १२०चा आकडा टिकतो. लांबच्या गावाहून कुरियरला ४० रुपये लागले तर २३० उरतात आणि तो पुन्हा १००वर येतो. तिथे अंक परत मागवूच नका. प्रत खपली नाही याचा पुरावा म्हणून आतलं शीर्षकपान कापून पाठवायला सांगा, बाकी प्रत त्याने रद्दीत घालावी. जवळच्या दुकानांकडून मात्र पूर्ण प्रतीच घ्या, वाचनालयांना त्या विकता येतात.

उशिरा मिळणारे पैसे. परताव्याची रक्कम सहा-सहा महिने अडकली तर विक्रेता पुढच्या वर्षी ती धरतच नाही आणि ८०चा आकडा लिहितो. हा डाव दरवर्षी खेळायचा आहे. परतीची शेवटची तारीख आणि पैसे देण्याची तारीख, दोन्ही करारात लिहा. परत आल्यापासून ३० दिवस ही मुदत दोघांना झेपते.

दुसऱ्याकडून आलेल्या प्रती. भाव पाडून विकणाऱ्याकडून अंक घेऊन २७०ला परत करता येऊ नये, म्हणून पाठवतानाच आतल्या पानावर दुकानाचा क्रमांक असलेला शिक्का मारा.

तुटवड्यातली फुगवलेली मागणी. एखाद्या अंकाची आधीच चर्चा झाली आणि प्रकाशकाने 'नोंदवलेल्या मागणीच्या प्रमाणात' वाटप केलं, की प्रत्येक जण दुप्पट आकडा लिहितो. ते खोटेपणाने नव्हे, नियमच तसा आहे म्हणून. वाटप मागच्या वर्षीच्या निव्वळ विक्रीवर, म्हणजे पाठवलेल्या वजा परत आलेल्या प्रतींवर करा. मग आकडा फुगवून काही मिळत नाही.

आणि सगळ्या प्रती पहिल्याच खेपेला पाठवू नका. आपल्या तक्त्यात एका दुकानाच्या मागणीचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा साधारण चढउतार, सुमारे २७ प्रती आहे. दहा दुकानांची मागणी एकमेकांवर अवलंबून नसेल तर एकत्र विचलन २७० नव्हे, ८५च्या आसपास येतं. पाऊस आणि अंकाची चर्चा सगळ्या दुकानांवर सारखीच परिणाम करतात, म्हणून पूर्ण फायदा मिळत नाही, पण बराच मिळतो. साधारण पाचवा हिस्सा शहरातल्या वितरकाकडे राखून ठेवा आणि लक्ष्मीपूजनाआधी दहा दिवस प्रत्येक दुकानाचा साठा फोनवर विचारून दुसरी खेप सोडा. त्याच फोनवर ज्याचा साठा संपला असेल त्याची तारीख लिहून घ्या. पुढच्या वर्षीचा तक्ता त्या तारखेवरूनच दुरुस्त करायचा आहे.