मोठा रिपोर्ट मागवला, तरी काउंटर अडता कामा नये

मी पतसंस्थांसाठी वेब सॉफ्टवेअर लिहिते. ३१ मार्च उलटला की प्रत्येक शाखेला व्याजयादी हवी असते आणि लाखो नोंदींतून ती काढायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. पुढे उभा असलेला वेब सर्व्हर एन्जिनएक्स मात्र त्याच्या मागच्या सर्व्हरकडून काहीच आलं नाही, तर एरवी ६० सेकंदच वाट पाहतो आणि ५०४ (‘उत्तर वेळेत आलं नाही’ ही एरर) दाखवतो. ही मर्यादा वाढवणं हा उपाय नव्हे. पडद्यावर ५०४ आलं तरी पोस्टग्रेस या डेटाबेसमधली क्वेरी (माहिती काढण्याची आज्ञा) बहुधा चालूच असते. क्लार्क पुन्हा बटण दाबते, तीच क्वेरी दुसऱ्यांदा सुरू होते, आणि पैसे भरायला आलेल्या सभासदाची पावती रखडते. मला सगळ्यात जास्त काळजी त्या पावतीची आहे.

म्हणून बटण दाबल्यावर रिपोर्ट बनवूच नका, फक्त मागणी नोंदवा. एक टेबल पुरतं: कोणी मागितला, कोणती शाखा, कोणता रिपोर्ट, कुठल्या तारखा, स्थिती, फाइल कुठे, एरर काय. नोंद होताच २०२ (‘मागणी स्वीकारली, काम बाकी आहे’ हा एचटीटीपी कोड) आणि मागणी क्रमांक परत द्या. तीच मागणी आधीच रांगेत असेल तर जुनाच क्रमांक द्या. ‘आधी आहे का’ ही तपासणी नुसत्या कोडवर सोडू नका, एकाच क्षणी आलेले दोन क्लिक त्यातून निसटतात. अपूर्ण मागण्यांपुरता पार्शल युनिक इंडेक्स टाका, म्हणजे तीच मागणी दुसऱ्यांदा नोंदवायला डेटाबेसच नकार देतो.

मागण्या उचलायला वेगळा वर्कर, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम, ठेवा. सेलरी (रांगेतली कामं चालवणारं पायथनमधलं साधन) आधीपासून असेल तर उत्तम. नसेल तर लहान संस्थेला पोस्टग्रेसच पुरतं. ९.५ पासून त्यात ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ (दुसऱ्याने अडवलेली ओळ सोडून पुढची घेणं) आहे, त्यामुळे दोन वर्कर एकाच मागणीवर पडत नाहीत. उचलल्याबरोबर स्थिती ‘चालू’ करून कमिट करा, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये पक्का करा. वर्कर मध्येच मेला तर मागणी ‘चालू’वरच अडकून राहते, हे फार जण विसरतात. वर्करला दर मिनिटाला वेळ नोंदवायला लावा, आणि बराच वेळ नोंद आली नाही तर मागणी परत रांगेत टाका.

डेटाबेसचे यूजर दोन करा. वेबच्या यूजरला स्टेटमेंट टाइमआउट (एक क्वेरी किती वेळ चालू शकते ती मर्यादा) १५ सेकंद, वर्करच्या यूजरला एक तास. वर्कर एका वेळी दोनच रिपोर्ट चालवू दे, मग रांग कितीही लांबली तरी काउंटर चालू राहतं.

सगळ्या ओळी एकदम मेमरीत ओढू नका. सर्व्हर-साइड कर्सरने (निकाल डेटाबेसकडेच ठेवून थोडा थोडा घेण्याची सोय) दोन-दोन हजार ओळी घ्या आणि थेट फाइलमध्ये लिहा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात असली तरी सुरुवातीला बीओएम (तो संकेत ओळखायची खूण) हवाच, नाहीतर एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडल्यावर खातेदारांची मराठी नावं बिघडलेली दिसू शकतात. खाते क्रमांकापुढची शून्यंही एक्सेल खातं, त्यासाठी क्रमांक मजकूर म्हणून लिहिलेली एक्सेलचीच एक्सएलएसएक्स फाइल द्या. तिथे एका शीटची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. त्यापुढे शाखावार फाइली करा.

पानावर दर पाच सेकंदांनी स्थिती विचारा. खोटी टक्केवारी दाखवू नका. ‘१०:४२ला सुरू झाला’ एवढं पुरे. ‘रद्द करा’ बटण जरूर द्या. त्यासाठी वर्करचा बॅकएंड पीआयडी (डेटाबेसमधल्या त्याच्या प्रोसेसचा क्रमांक) नोंदवून ठेवा आणि चालू क्वेरी थांबवणारं पोस्टग्रेसचं ‘पीजी कॅन्सल बॅकएंड’ हे फंक्शन त्याच्यावर चालवा.

तयार फाइल सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवू नका, तिच्यात लोकांच्या ठेवी आहेत. डाउनलोड करताना शाखेचा अधिकार पुन्हा तपासा आणि आठवड्याने फाइल पुसून टाका.