लिनक्स कर्नलला पॅच पाठवताय? या चुका टाळा

कोड बरोबर असतो, बग खरंच सुटलेला असतो, तरी पॅच, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कोडमध्ये सुचवलेला बदल, पडून राहतो. नव्या मंडळींचं बरेचदा असंच होतं. घोळ असतो तो पाठवण्यात आणि त्याहून जास्त पाठपुराव्यात.

कर्नलचा पॅच साध्या मजकुराच्या ईमेलमधून जातो, अटॅचमेंट म्हणून नाही. ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये तो पेस्ट केला की टॅबच्या स्पेस होतात, लांब ओळी तुटतात आणि पॅच समोरच्याकडे लागतच नाही. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटची ‘गिट सेंड-ईमेल’ ही कमांड वापरा. आधी स्वतःलाच पाठवा, आलेला मेल सेव्ह करून ‘गिट एएम’ने लावून बघा.

कर्नलचा एकेक भाग सांभाळणारे मेंटेनर असतात. कोणाला पाठवायचा ते ‘गेट मेंटेनर’ स्क्रिप्ट सांगते, अंदाज नको. पॅचच्या मांडणीतल्या चुका दाखवणारी ‘चेकपॅच’ही चालवा. विषयाच्या सुरुवातीला काय लिहायचं ते त्या फाइलच्या जुन्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांमध्ये) दिसेल. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ विसरलात तर पॅच घेतलाच जात नाही. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं तुम्ही त्यातून लिहून देता. 2004 पासून ही पद्धत आहे.

आता पाठपुरावा. दोन दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा पाठवू नका. निदान आठवडाभर थांबा, दोन-तीन आठवडे लागणं नेहमीचंच. कर्नलची नवी आवृत्ती निघाल्यावर दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी नवे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याचा काळ, असते, तेव्हा मेंटेनरना श्वास घ्यायला फुरसत नसते. नेटवर्किंगवाले तर त्या काळात नवी फीचर्स घेतच नाहीत. नंतर त्याच थ्रेडमध्ये एका ओळीत विचारा. ‘रीसेंड’ म्हणून पाठवायचा तो पॅच जसाच्या तसा हवा. एक अक्षर बदललं तरी ती व्ही 2, म्हणजे पॅचची दुसरी आवृत्ती.

व्ही 2 मध्ये काय बदललं ते कमिट संदेशानंतरच्या तीन डॅशच्या (---) ओळीखाली लिहा: ‘एरर आल्यावर मेमरी सोडली, बग कधी दिसतो ते कमिट संदेशात घातलं.’ डॅशखालचा मजकूर गिटच्या इतिहासात जात नाही, पण रिव्ह्यू करणाऱ्याचा बराच वेळ वाचतो.

रिव्ह्यूतल्या प्रत्येक मुद्द्याला त्याच्याच खाली उत्तर द्या. पटत नसेल तर कारण सांगा, त्यात कमीपणा नाही. मुद्दा गिळून गुपचूप व्ही 2 पाठवणं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण कोणीतरी आपला वेळ काढून ते वाचलेलं असतं. कोणी पॅच तपासून पसंत केल्याचा ‘रिव्ह्यूड-बाय’ मिळाला तर तो पॅचच्या पुढच्या आवृत्तीत घाला. कोड बराच बदलला असेल तर तो काढा आणि काढल्याचं सांगा.

पॅच घेतल्याचा मेल आला तरी तो लगेच लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या ट्रीमध्ये (कर्नलच्या मुख्य कोडमध्ये) शोधू नका. नवं फीचर तिथे पोचायला पुढची मर्ज विंडो उजाडते. तोवर पुढच्या मर्ज विंडोसाठीचे बदल एकत्र ठेवणाऱ्या ‘लिनक्स-नेक्स्ट’ या ट्रीमध्ये बघा आणि मेलवर लक्ष ठेवा. दुसऱ्या आर्किटेक्चरवर (दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी) बिल्ड तुटल्याचा टेस्ट रोबोचा मेल याच काळात येऊ शकतो, आणि दुरुस्ती तुम्हीच करायची असते.