स्टॉक स्टेटमेंट फुगवताय? सीसी लिमिट वापरताना या चुका टाळा

महिना सरला की भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांत अकाउंटंट मालकाला विचारतो, "साहेब, या महिन्याला स्टॉक किती दाखवू?" किती आहे, असं विचारत नाही. गोची तिथेच आहे. सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, ही मालाच्या आणि येण्यांच्या तारणावर बँकेकडून मिळणारी उचल; म्हणून हा स्टॉकचा आकडा बँकेला कळवायचा असतो.

समजा, गोदामात 40 लाखांचा माल आहे आणि त्यातल्या 10 लाखांचे पैसे पुरवठादाराला द्यायचेत. बँक उरलेल्या 30 लाखांवर साधारण 25 टक्के मार्जिन कापते आणि साडेबावीस लाखांची ड्रॉइंग पॉवर (म्हणजे उचलीची मर्यादा) देते. पगाराला तीन लाख कमी पडतायत? मग चार लाखांचा माल कागदावर वाढतो. पुढच्या महिन्यात तो कमी करायची सोय नसते, कारण पैसे उचलून झालेले असतात.

मार्चमध्ये दोन्हीकडून कोंडी होते. ताळेबंदात खरा स्टॉक दाखवला तर बँकेला तफावत दिसते. फुगवलेला दाखवला तर नफा वाढतो आणि नसलेल्या मालावर आयकर भरावा लागतो! प्रायव्हेट लिमिटेड असाल, कायद्याच्या व्याख्येतली 'स्मॉल कंपनी' नसाल आणि लिमिट 5 कोटींच्या वर असेल, तर तिमाही स्टेटमेंट हिशेबाशी जुळतात की नाही हे 2021-22 पासून ऑडिटरला अहवालात लिहावंच लागतं. सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 ला घोटाळा कबूल केला, त्या पत्रातही हेच होतं: सुरुवातीची तफावत किरकोळ होती, शेवटी 5,040 कोटींची रोकड फक्त कागदावर निघाली.

याचीच धाकटी बहीण म्हणजे जुनी उधारी ताजी करणं. 90 दिवसांपुढची येणी बहुतेक बँका धरत नाहीत, म्हणून क्रेडिट नोट काढून जुनं बिल रद्द करायचं आणि नव्या तारखेचं बिल फाडायचं. ते ग्राहकाच्या जीएसटी पोर्टलवर दिसतं आणि त्याचाच फोन येतो.

पुरवठादाराला लटकवून वेळ मारून नेऊ नका. तो उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवस, नसल्यास 15 दिवस. मुदत चुकली आणि पैसे 31 मार्चच्या पुढे गेले, तर त्या वर्षी तो खर्च आयकरात धरला जात नाही.

आणि खरेदी, नोंद, पेमेंट आणि ओटीपीचा मोबाईल, हे सगळं एकाच माणसाकडे ठेवू नका. तो सख्खा भाचा असला तरी.

आकडा आधीच फुगलाय? गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, तेव्हा माल स्वतः मोजा. भंगार आणि जॉबवर्कला आलेला परका माल वेगळा काढा. मग बँकेचा स्टॉक ऑडिटर दारात यायच्या आत मोजणीचा कागद घेऊन बँकेच्या मॅनेजरला भेटा आणि जास्तीच्या उचलीचं हप्त्यांच्या कर्जात रूपांतर मागा. मॅनेजर चिडेल, व्याजही थोडं वाढेल. पण स्टॉक ऑडिटरने रिकामे रॅक पाहिल्यावर हीच मागणी केलीत, तर मॅनेजर फाइल उघडणारसुद्धा नाही.