जुने दुखणे सांभाळून धावताना

दहा-पंधरा वर्षे नियमित धावणाऱ्या माणसाच्या पायात एखादे तरी दुखणे मुक्कामाला आलेले असते. कुणाची टाच सकाळी पलंगावरून उतरताना टोचते, कुणाच्या गुडघ्याची वाटी जिना उतरताना कुरकुरते, तर कुणाच्या टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, पहिला किलोमीटरभर आखडलेली राहते आणि मग गुमान मोकळी होते. अशा दुखण्यावर आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. घरचे म्हणतात, वय झाले, आता धावणे सोडा. आणि मैदानावरचे सोबती म्हणतात, लक्ष देऊ नका, पळता पळता जाईल. माझ्या मते दोन्ही सल्ले निरुपयोगी आहेत. टेंडनला पूर्ण विश्रांती दिली की दुखणे कमी होते हे खरे, पण त्याबरोबर तिची भार पेलण्याची ताकदही उतरते, आणि महिन्याने पुन्हा रस्त्यावर आलेला माणूस आठवड्याभरात तेच दुखणे घेऊन घरी बसतो. म्हणून दुखणे पूर्ण थांबण्याची वाट न पाहता, ते किती भार सहन करते हे ओळखून तेवढा भार नेमाने देत राहणे, हाच या जुन्या दुखण्यांवरचा खरा उपाय आहे.

धावण्याने गुडघे झिजतात ही भीतीही येथेच बाजूला ठेवलेली बरी. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात, हौसेने धावणाऱ्यांपैकी सुमारे 3.5 टक्के लोकांत गुडघ्याची वा खुब्याची झीज आढळली, तर बैठी जीवनशैली असलेल्यांत हे प्रमाण 10.2 टक्के होते. स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत मात्र ते 13.3 टक्के होते.

आधी हाडाचे दुखणे वेगळे काढावे

पुढे जे सांगितले आहे ते शिरा, स्नायू आणि वाटीभोवतीच्या दुखण्याला लागू पडते. हाडाला ते लागू पडत नाही. नडगीवरून बोट फिरवून पाहावे. दुखरा भाग चार-पाच बोटे किंवा त्याहून लांब पसरलेला असेल, तर ते बहुधा नडगीचे नेहमीचे दुखणे असते. एकाच ठिकाणी, एका बोटाखाली झाकेल एवढ्या जागेत कळ येत असेल, एका पायावर उडी मारताच ती वाढत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणका राहत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका धरून धावणे त्याच दिवशी थांबवावे. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानू नये आणि एमआरआयची गरज आहे का, हे अस्थिरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे. जांघेत खोलवर दुखत असेल तर याबाबतीत एक दिवसही काढू नये, कारण मांडीच्या हाडाच्या मानेजवळचा तडा सरकला तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. धावणाऱ्या स्त्रीची मासिक पाळी सलग तीन महिने चुकली असेल, तर कमी खाणे आणि हाडांचा अशक्तपणा यांचा विचार करून डॉक्टरांना दाखवावे. "व्यायामाने असे होतेच" हे उत्तर स्वीकारू नये.

अस्थिबंध तुटणे हाही निराळा विषय आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे 2025 च्या जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला तेव्हा त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रियाच करावी लागली. गुडघा अचानक सुजला, अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर घरगुती प्रयोग करत बसू नयेत. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिरोग विभाग आहेत. तेथे रांगेत सकाळ गेली तरी ती सत्कारणी लागते.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

धावताना होणारे दुखणे फसवे असते. शरीर तापले की आखडलेली शीर सैल पडते, दुखणे नाहीसे झाल्यासारखे वाटते आणि माणूस दोन किलोमीटर जास्तीचे टाकतो. हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. म्हणून शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर दुखणे तीन वेळा नोंदवावे: धावताना, त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी पहिली काही पावले टाकताना. अकिलिसच्या दुखण्यासाठी स्वीडनमधील संशोधकांनी वापरलेल्या पद्धतीत पाचपर्यंतचे दुखणे चालवून घेतले जाते, मात्र ते दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर उतरले पाहिजे आणि आठवड्यागणिक चढता कामा नये. स्वतःच्या बळावर दुखणे सांभाळणाऱ्याने तीनचीच मर्यादा धरावी असे मला वाटते, कारण धावण्याची ओढ असलेला माणूस पाचला चार म्हणायला फार लवकर शिकतो.

सकाळची परीक्षा रोज एकच असावी. चहाच्या आधी, अनवाणी, भिंतीला बोटे टेकवून दुखऱ्या पायावर दहा वेळा टाच उचलावी आणि दुखण्याचा जो आकडा येईल तो वहीत लिहावा. गुडघ्याचे दुखणे असेल तर त्याऐवजी एका पायरीवरून सावकाश खाली उतरून पाहावे. आकडा कालच्याइतकाच असेल तर ठरलेले धावणे करावे; एक-दोनने वाढला असेल तर सपाट जागेवर कमी अंतर, हळू धावावे; त्याहून वाढला असेल तर त्या दिवशी सायकल किंवा चालणे पुरे.

वहीत फक्त किलोमीटर लिहिणारे लोक अर्धाच हिशेब ठेवतात. पायाला शर्यत आणि शेतकाम यांतला फरक कळत नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी दिवसभर वाकून, उकिडवे बसून केल्यावर दुसऱ्या दिवशी वाटी दुखली, तर दोष परवाच्या दहा किलोमीटरला देण्यात अर्थ नाही. कोजागरीला पायी तुळजापूर गाठणारे कितीतरी धावपटू आहेत. त्या आठवड्यातले चालणे धावण्याच्याच खात्यावर मांडले पाहिजे, आणि रस्त्याने अनवाणी चालण्याचा नवस असेल तर टाचेच्या दुखण्यासाठी पुढचे दहा दिवस मोकळे ठेवले पाहिजेत. बसण्याचाही भार पडतो. बैठकीच्या हाडापाशी मांडीच्या मागच्या शिरेचे दुखणे असलेल्याला एसटीतला चार-पाच तासांचा प्रवास एखाद्या लांब धावेपेक्षा महाग पडतो.

शिरेला काम द्यावे

स्ट्रेचिंगवर लोकांचा फार भरवसा आहे, पण जुन्या टेंडनला ताणण्यापेक्षा वजन उचलण्याची गरज जास्त असते. स्वीडनचे शल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 साली अकिलिसच्या जुन्या दुखण्याने त्रस्त असलेल्या 15 हौशी धावपटूंकडून एक साधा व्यायाम करून घेतला: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची. 15 वेळांचे तीन फेरे, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. ते सर्व जण पुन्हा धावू लागले. पुढे दिवसाआड, जास्त वजन घेऊन, अगदी संथपणे केलेला व्यायामही तितकाच गुणकारी ठरला, आणि नोकरी-शेती सांभाळणाऱ्याला तोच जास्त परवडतो.

त्याची रीत अशी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चवडे टेकवून उभे राहावे, एक हात कठड्यावर ठेवावा. पाठीवर मुलांची जुनी दप्तराची सॅक अडकवून तीत ज्वारीची पाच किलोची पिशवी ठेवावी. तीन आकडे मोजत टाच वर न्यावी, वर दोन आकडे थांबावे, तीन आकडे मोजत पायरीच्या पातळीखाली आणावी. पोटरी थरथरू लागेपर्यंत, म्हणजे साधारण बारा वेळा, असे करून दोन मिनिटे बसावे आणि आणखी दोन फेरे करावेत. दोन आठवड्यांनी बारा वेळा सहज जमू लागले की पिशवीत दोन किलो वाढवावे आणि फेऱ्यातील संख्या दहावर आणावी. तळपायाच्या टाचदुखीसाठी हाच व्यायाम बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून करतात; 2014 मधील डॅनिश अभ्यासात तीन महिन्यांअखेर तो स्ट्रेचिंगपेक्षा सरस ठरला, वर्षाअखेर मात्र दोन्ही गट सारख्याच पातळीला आले. म्हणजे गुण लवकर येतो, चमत्कार होत नाही. एक अपवाद ध्यानात ठेवावा: शीर टाचेच्या हाडाला जेथे चिकटते तेथेच दुखत असेल, तर टाच पायरीखाली सोडू नये, सपाट फरशीवरच व्यायाम करावा, कारण ताणामुळे त्या जागी शीर हाडावर दाबली जाते.

वाटीच्या दुखण्यासाठी मांडी आणि कुल्ले यांचे व्यायाम लागतात, आणि पावलांचा ठेका थोडा जलद केला तर फरक लवकर जाणवतो. अर्ध्या मिनिटात उजवे पाऊल किती वेळा पडते ते मोजून त्याला चारने गुणावे. 39 वेळा पडत असेल तर मिनिटाला 156 पावले होतात. तोच वेग ठेवून ती 164 वर न्यावीत, म्हणजे अर्ध्या मिनिटात 41. ठेका पाच ते दहा टक्क्यांनी वाढवल्यास पाऊल शरीराच्या जवळ पडते आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. पहिले काही दिवस पोटऱ्या भरून येतील, म्हणून अकिलिसचे दुखणे असलेल्याने हा बदल फारच सावकाश करावा.

रस्ता आणि ऋतू

डांबरी रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असतो. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून आपण नेहमी उजव्या कडेने धावतो, ते योग्यही आहे, पण त्यामुळे जाताना आणि येतानाही तोच पाय खालच्या बाजूला पडतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखणाऱ्यांनी आठवड्यातील निम्मे धावणे तरी शाळेच्या मैदानावर किंवा कालव्याकडेच्या मुरमाड वाटेवर करावे, आणि मैदानावर निम्म्या फेऱ्या उलट दिशेने माराव्यात. काळ्या रानातील पाऊलवाटा मात्र जुन्या घोट्याला सोयीच्या नाहीत; उन्हाळ्यात त्यांना भेगा पडतात आणि पावसाळ्यात बुटाला चिखलाचा असा थर बसतो की प्रत्येक पाय वेगळ्या उंचीवर पडू लागतो. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडचा गारठा शिरा आखडवतो, तेव्हा दहा मिनिटे चालल्याशिवाय धावायला सुरुवात करू नये. आणि भल्या पहाटे पोलीस भरतीची पोरे सोळाशे मीटरची घड्याळ लावून तयारी करत असली, तर त्यांच्यामागे लागू नये. हा मोह किती जुन्या पोटऱ्यांना भोवला आहे ते कोणत्याही मैदानावर विचारावे.

गोळी, इंजेक्शन, लेप

दुखणे मारून धावण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेणे हा आपल्याकडचा सर्वांत धोकादायक रिवाज आहे. शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना लांब धावणारा माणूस नेमका त्याच अवस्थेत असतो. शिवाय गोळीने सकाळचा आकडाही खोटा होतो. अकिलिसमध्ये स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये. चार आठवडे बरे वाटते, पण शीर तुटण्याचा धोका वाढतो. जुलाबावर किंवा लघवीच्या जंतुसंसर्गावर सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिवोफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविके सर्रास दिली जातात. त्यांमुळे टेंडनला इजा होऊ शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 सालीच त्यांच्यावर छापायला लावला. आपले दुखणे डॉक्टरांना सांगून पर्याय विचारावा, आणि तेच औषध घ्यावे लागले तर त्या काळात वेगाचे धावणे बंद ठेवावे. आंबेहळदीचा लेप लावायला हरकत नाही. ऊब मिळते, आणि लेप वाळेपर्यंत माणूस एका जागी बसतो.

अंतर वाढवताना

दर आठवड्याला दहा टक्केच वाढ करावी हा नियम सर्वांना पाठ असतो, पण 2008 मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगनला नवख्या धावपटूंवर तो पारखून पाहिला असता दुखापती कमी झाल्या नाहीत. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या अभ्यासातून जास्त कामाची गोष्ट हाती लागली: गेल्या तीस दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून अधिक लांब झाली की दुखापतीचा धोका वाढतो. म्हणून वहीची मागची चार पाने चाळून सर्वांत मोठा आकडा शोधावा. तो 12 किलोमीटर असेल, तर येत्या रविवारी सोबती 18 म्हणोत, आपण 13 वर थांबावे.

दोन-तीन आठवडे खंड पडला असेल तर आधी तीस मिनिटे न दुखता वेगाने चालता आले पाहिजे. मग एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे दहा वेळा, दिवसाआड. सकाळचा आकडा स्थिर राहिला तर दर तिसऱ्या वेळी धावण्याचे एक मिनिट वाढवावे. सलग तीस मिनिटे धावता येईपर्यंत चढ, उतार आणि वेग यांतले काहीही जोडू नये. नंतर जोडताना एका आठवड्यात एकच गोष्ट जोडावी. टाचेच्या दुखण्यात चढ सर्वांत शेवटी घ्यावा, वाटीच्या दुखण्यात उतार.